मंदारला पत्र : गेममधली गोष्ट

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य डोक्यातून जात नाही : 'गेममध्ये गोष्ट असते ती दोन मारामाऱ्यांच्या मधली जागा भरायला.' पुष्कळ गेमबाबत हे खरं आहे. दहा मिनिटं सिनेमासारखी दृश्यं, मग हातात बंदूक, मग पुन्हा दृश्यं. त्यांची वकिली मी करणार नाही. पण 'पेपर्स, प्लीज' तू पाहिलेला नाहीस.

लुकास पोपनं जवळजवळ एकट्यानं केलेला हा २०१३चा व्हिडिओ गेम. साल १९८२, आर्स्टोत्झ्का नावाचा काल्पनिक देश, आणि तू सरहद्दीच्या नाक्यावर पासपोर्ट तपासणारा कारकून. पैसे माणशी मिळतात, त्यामुळे हात भराभर चालवावा लागतो. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद, तिसरीपासून दंड. रात्री भाडं, जेवण आणि ऊब यांचा हिशोब. पैसे कमी पडले तर घरातलं कुणीतरी आजारी पडतं. अशात एक माणूस येतो. कागद चोख. जाताना म्हणतो, मागे माझी बायको आहे, तिला सांभाळून घ्या. तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नाही.

कादंबरीकारानं इथे त्या कारकुनाच्या मनात पानंच्या पानं मुक्काम केला असता. गेममध्ये मनाविषयी एक ओळ नाही. समोर फक्त दोन शिक्के. आणि त्या बाईचा चेहरा नीट बघण्याआधीच आपण आजच्या ताकिदी किती झाल्या ते मोजतो! नोकरशाहीतला माणूस हळूहळू कसा बोथट होतो हे मी खूप वाचलंय. ते माझ्या बोटांत उतरलं ते इथे.

लोक गेमचं कौतुक करताना निवडीचं स्वातंत्र्य आणि वीस-वीस शेवट सांगतात. मला ते गौण वाटतं. 'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच'मध्ये (२०१७) निवड जवळपास नाहीच. त्यातला लुईस माशांच्या कारखान्यात काम करतो. खेळताना आपण उजव्या हातानं त्याचा मासा उचलायचा, पात्याखाली सरकवायचा, टाकायचा. त्याच वेळी डाव्या हातानं त्याला त्याच्या कल्पनेतल्या राज्यात चालवायचं. ते राज्य पडद्याच्या कोपऱ्यातून वाढत वाढत सगळा पडदा व्यापतं, आणि उजवा हात मासे कापतच राहतो, आपलं लक्ष नसताना. लुईसच्या मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र मागे ऐकू येत असतं, पण माणूस कामातून उठून कुठे जातो हे हातच सांगतात. पुढचं लिहीत नाही.

कादंबरीची जागा मात्र कुणी घेईल असं मला वाटत नाही. वीस वर्षं एका वाक्यात ओलांडणं, एकाच क्षणी माणसाला प्रेम आणि तिटकारा वाटणं, हे भाषेलाच जमतं. शिवाय कादंबरीतला माणूस खड्ड्याकडे निघाला की आपण नुसते बघत राहतो. त्या असहायपणासाठीच तर आपण दोघं वाचत आलो. लुईसच्या वेळी तोच असहायपणा मला भेटला, फरक इतकाच की पावलं मीच टाकत होतो.

'एडिथ फिंच' दोनेक तासांत संपतो. आधी तोच खेळ, एका बैठकीत, हेडफोन लावून. मग लुईसबद्दल सविस्तर लिही. पटलं नाही तर का नाही, तेही. काकूंना नमस्कार.

तुझा,
अभय