बाबा, लॅमिनेशनवाल्याकडे जाऊ नका

भांडुप, मुंबई
१२ जुलै

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "मोबाइल असताना ते डबडं कशाला घेतलंस?" आणि नेमकी तेव्हाच तुमच्याकडची रेंज गेली. उत्तर तोंडातच राहिलं. तेव्हापासून मनात घोळतंय, म्हणून शेवटी लिहायलाच बसले. आई, चष्मा लावून तूच मोठ्याने वाच. बाबांच्या हातात दिलंस तर मधली पानं गाळतील.

डबडं म्हणजे स्कॅनर. लॅमिंग्टन रोडवरून आणला, साडेपाच हजारांच्या आत बसला. तुमच्या जावयांचं म्हणणं, प्रिंटर जोडलेला मोठाच घ्यावा. मी ऐकलं नाही. आपल्याकडे प्रिंटरची शाई वापरण्यापेक्षा वाळूनच जास्त जाते. हा लग्नाच्या आल्बमएवढा आहे, दोन बोटं जाड, दोन किलोंच्या आत. ग्रँट रोडला गर्दीत चढले, दादरला गाडी बदलली, तरी पिशवीतून नीट आला. त्याला वेगळा प्लगही लागत नाही. लॅपटॉपला एकच वायर जोडायची, वीज तिच्यातूनच. हे मुद्दाम सांगतेय, त्याचं कारण पुढे येईल.

तर बाबा, मोबाइलचं. मीही आधी मोबाइलनेच काढत होते. तुमच्या गिरणीच्या ओळखपत्राचे सात फोटो काढले. एकात ट्यूबलाइट चमकतेय, दोनांत माझ्याच हाताची सावली, उरलेल्यांत कार्ड एका बाजूला निमुळतं झालेलं. स्कॅनरच्या काचेवर कागद पालथा ठेवला, झाकण लावलं, की प्रकाश सगळीकडे सारखा पडतो आणि माप कागदाएवढंच येतं. काचेखालून एक पट्टी सरकत जाते. तिच्यातले लाल, हिरवे, निळे दिवे पाळीपाळीने इतक्या भरभर लागतात की आपल्याला पांढराच उजेड दिसतो. चिंटू शेजारी बसून "बस निघाली, बस परत आली" करत असतो.

त्या ओळखपत्रावर २६ जुलैच्या पाण्याचा डाग आहे, आठवतो ना? कुर्ल्याच्या खोलीत कॉटच्या वर पाणी चढलं होतं आणि ट्रंक खाली राहिली होती. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. दोन दिवसांनी फोन लागला तेव्हा कुलाब्याच्या आत्याला आपलं बोलणं खरंच वाटेना. त्या पाण्यात तुमचा गिरणीतला तिकीट नंबर पुसला गेला असं आपण २००५ पासून धरून चाललोय. पुसला नव्हता, फिकटला होता. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याने ब्लॅक अँड व्हाइट कॉपी काढली तेव्हा तो कोरा दिसला. मी रंगीत स्कॅन केला, ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांवर ठेवला, मग लॅपटॉपवर गडदपणा थोडा थोडा वाढवत नेला. तिसऱ्या प्रयत्नाला चारही आकडे वर आले. शेजारचा जांभळा गोल शिक्कासुद्धा अर्धा वाचता येतो. म्हाडाच्या घरासाठी पुन्हा कागद मागितले तर ईएसआयच्या कार्डाबरोबर हीच प्रत जोडू या. मूळ कार्ड मात्र कुणाच्या हातात द्यायचं नाही.

त्याच झेरॉक्सवाल्याने माझा शाळा सोडल्याचा दाखला वरच्या फीडरमधून ओढायला दिला होता. घडीवर फाटला. "जुना कागद आहे मॅडम" म्हणे. जुना आहे म्हणूनच तर कॉपी काढायला आणला होता! वर पंधरा रुपये घेतले. त्या दिवशीच ठरवलं, स्वतःचं मशीन घ्यायचं, आणि तेही काच असलेलं, कागद ओढणारं नाही.

आता तुमच्या बाजूचा न्याय. भिंतीवरचा तुमच्या लग्नाचा फोटो त्याच पाण्यात काचेला चिकटला. तो फ्रेममधून काढून काचेसकट स्कॅनरवर ठेवला तर धूसर आला. हे पातळ स्कॅनर काचेला टेकलेलं तेवढंच धड वाचतात, मध्ये दोन मिलिमीटरची काच आली की गडबडतात. जाड वहीच्या मधल्या शिवणीपाशी पानं उचललेली राहतात, तिथेही तसंच होतं. त्या फोटोसाठी शेवटी मोबाइलच घेतला. सकाळी खिडकीपाशी तिरपा उजेड बघून, काळी शाल अंगावर घेऊन काढला, म्हणजे काचेत माझं प्रतिबिंब नको. चांगला आलाय. तेव्हा मोबाइल अगदीच टाकाऊ नाही, एवढं मान्य.

आई, तू निगेटिव्हची पाकिटं पाठवलीस, ती मात्र याच्यावर होत नाहीत. त्यांना वरून उजेड लागतो, आणि तशी सोय असलेलं मशीन महाग आणि मोठं असतं. ठेवली आहेत तशीच, टाकलेली नाहीत. घाबरू नकोस.

तुझ्या वहीतून कापलेली पेपरातली कात्रणं झाली. पहिली दोन बिघडली, मागच्या बाजूच्या जाहिराती पुढे उमटत होत्या. मग कात्रणाच्या पाठीवर काळा कार्डपेपर ठेवला, आणि मागचं गायब. ही युक्ती माझी मलाच सुचली, म्हणून जरा मिरवतेय. खोलीचा करारनामा स्टॅम्पपेपरवर आहे, तो काचेपेक्षा लांब. वरचा भाग एकदा, खालचा एकदा, मध्ये चार ओळी दोन्हीत येतील असा घेऊन जोडला. कागदपत्रांना ३०० पुरतात. चार बाय सहाचे फोटो ६०० वर घेतले. बारके फोटो १२०० वर.

बारक्या फोटोंवर माझे दोन रविवार गेले. मामाच्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याने काढलेले ते चौकोनी काळे-पांढरे, पांढऱ्या कडांचे. एका रोलमध्ये बाराच निघायचे, म्हणून मामा प्रत्येकाआधी आपल्याला ताटकळत ठेवायचा असं तूच सांगतेस. फोटो सव्वादोन इंचांचा, पण १२०० वर घेतला की लॅपटॉपच्या पडद्यावर मावत नाही, इकडून तिकडे सरकवत बघावा लागतो. एकाच्या पाठीवर तुझ्या अक्षरात पेन्सिलने "राणीची बाग, मे १९८३" आहे. आता प्रत्येक फोटोची पाठही स्कॅन करते आणि फाइलच्या नावात आधी साल, मग जागा, मग "पाठ" असं लिहिते. त्या फोटोबद्दल शेवटी विचारते, आधी कामाचं.

गणपतीला कोकणकन्येने येतोय, कुडाळला उतरू. स्कॅनर बरोबर आणणार आहे. तुमच्याकडे दिवसाकाठी चारदा वीज जाते, पण लॅपटॉप चार्ज असला की याला काही फरक पडत नाही. म्हणून तर वायरीचं आधीच सांगितलं. दीड दिवसाचं विसर्जन झालं की ओटीवर बसू आणि कपाटातलं सगळं काढू. तोवर बाबा, काही गोष्टी करू नका.

पहिलं म्हणजे लॅमिनेशन. तुम्ही मिक्सरचं बिल लॅमिनेट केलंत ते काळंकुट्ट होऊन आलं, त्यात दुकानदाराची चूक नव्हती. तो कागद उष्णतेनेच छापलेला असतो, गरम रुळातून काढला की सगळाच काळा होतो. असली बिलं नुसती ठेवली तरी वर्षा-दोन वर्षांत उडतात, त्यांचे लगेच स्कॅन घ्यायचे. इतर कागदांचं लॅमिनेशन दिसतं छान, पण ते पुन्हा निघत नाही, आणि वर उजेड चमकतो तो वेगळाच. आजोबांची सनद तर मुळीच नेऊ नका.

सनदेवरून आठवलं. मोडीतला तो कागद घडी मोडून सरळ करायचा म्हणून इस्त्री फिरवायची भाषा आईने फोनवर सांगितली. कृपा करा. तो घडीतच असू द्या. मी आल्यावर सावकाश उलगडू, जेवढा उघडेल तेवढा घेऊ. स्कॅन नीट आला तर मोडी वाचणाऱ्याला मेलने पाठवता येईल, मूळ कागद घरातून हलवायला नको.

आणि आई, चिकट पानांच्या आल्बममधले फोटो नखाने सोडवू नकोस. माझ्या बारशाच्या एका फोटोची पापडी आधीच निघाली आहे. त्याची पानं रिंगमधून सुटतात, पानासकट स्कॅन करू. अगदीच सोडवावा लागला तर दातांत फिरवायचा तो मेणाचा दोरा फोटोखालून करवतीसारखा सरकवतात. मी दोन सोडवले, तिसऱ्याला धीर झाला नाही.

तिकडे पाऊस आहे, तेव्हा कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून घ्या. दादाकडून ओढून घ्या, तुम्ही जोर लावू नका. आधार कार्डाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होतात तो काढून टाका. त्या ग्रुपवर आता कोण कोण आहे मलाही ठाऊक नाही. मी फोटो पाठवीन ते डॉक्युमेंट म्हणून पाठवीन, उघडायला एक टिचकी जास्त लागेल, पण बारीक होऊन येणार नाहीत. सगळ्याची एक प्रत पेनड्राइव्हवर दादाकडे ठेवेन.

गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा, परळहून आणते. चिंटूचा नमस्कार. जावयांचाही, जरी ते अजून प्रिंटरवर अडून असले.

तुमची,
पमी

ता. क. : राणीच्या बागेच्या फोटोत आईच्या कडेवर मी आहे, बाबा शेजारी ताठ उभे, शर्टाला कडक इस्त्री. लहानपणापासून बघतेय. परवा मोठा करून खाली सरकवला तर बाबांच्या उजव्या चपलेच्या अंगठ्यापाशी एक चमकती तिरपी रेघ दिसली. आधी ओरखडा वाटला, खोडायला घेतला होता. मग साल बघितलं. गिरणी संपाला तेव्हा सव्वा वर्ष होऊन गेलं होतं. बाबा, ती सेफ्टी पिन आहे का? मी ती रेघ खोडलेली नाही.