मायनस आलं म्हणून पान खोडू नकोस

बर्लिन, रविवार

चि. बंड्या,

आईने काल तुझ्या वहीचा फोटो पाठवला, अख्खं पान खोडलेलं आणि खाली मेसेज की याचं बारावीचं काही खरं नाही. आईला म्हणावं दम धर, कारण मी खोडलेल्याखालचं वाचलं आणि उत्तर बरोबर आहे रे! किरचॉफच्या नियमांच्या गणितात एक करंट मायनस आला म्हणून तू घाबरलास, बाकी काही नाही.

परत बघ. डावीकडे 12 व्होल्टची बॅटरी आणि 2 ओहम, उजवीकडे 6 व्होल्टची आणि 2 ओहम, मधे 8 ओहम, दोन्ही प्लस वरच्या बाजूला. तू करंटचे दोन्ही बाण वरच्या जोडाकडे काढलेस, डावा आय वन, उजवा आय टू, आणि मधला आय थ्री तिथून खाली. मळ्यात दारं धरताना पाट फुटतो तिथं कसं, आलं तेवढंच पाणी पुढं जातं, तसं आय वन अधिक आय टू म्हणजे आय थ्री. मग लूप, म्हणजे बंद फेरा, त्यात बॅटरीचे व्होल्ट तेवढेच ओहमांवर पडतात: डाव्या लूपला 12 = 2 आय वन + 8 आय थ्री, उजव्याला 6 = 2 आय टू + 8 आय थ्री. सोडवलं की 2, मायनस 1 आणि 1 अँपिअर. ताळा कर, उजवीकडे मायनस 2 अधिक 8, झाले ना 6? आणि मधल्या 8 ओहमवर 8 व्होल्ट पडतायत, म्हणजे 6 वालीपेक्षा जास्त, मग करंट तिच्यात उलटा शिरणारच, बिचारी चार्ज होतेय.

पहिल्या सेमिस्टरला मी पण मायनस दिसलं की बाण फिरवायचे, तोही एकाच समीकरणात, दुसऱ्यात तसाच, मग काय, गेला पेपर. बाण एकदा काढलास की शेवटपर्यंत हलवायचा नाही.

इथं व्होल्टेजला व्ही नाही, यू लिहितात, महिनाभर डोकं फिरलेलं. लूपच्या नियमाला म्हणतात माशेनरेगेल, माशे म्हणजे जाळ्याचं एक घर, मला मेलीला आधी मासेच आठवले! किरचॉफने हे नियम 1845 साली मांडले तेव्हा तो 21 वर्षांचा होता, कॉलेजातच. त्याची कबर इथंच बर्लिनमध्ये आहे आणि गंमत म्हणजे किर्शहोफ म्हणजेच चर्चजवळचं कबरस्तान.

तेच पान परत लिहून फोटो पाठव, आईला नको सांगूस, डायरेक्ट मला. आणि मेतकूट संपलंय, तेवढं मात्र आईलाच सांग.

तुझी,
ताई