परळच्या ओपीडीतल्या लॅबताईंना

लॅबताई, नमस्कार.

नेफ्रोटिकच्या, म्हणजे मूत्रपिंडातून लघवीत प्रथिनं गळण्याचा आजार असलेल्या मुलांचे आईबाप आज घरच्या घरी रंग बदलणाऱ्या पट्टीने लघवीतली प्रथिनं तपासतात आणि त्यांच्या डायरीवर भरवसा ठेवून डॉक्टर औषधाचा डोस ठरवतात. त्यामागे तुमची शिकवण आहे, म्हणून हे जाहीर आभार.

पट्टी बुडवून रंग बघायचा, त्यात शिकायचं काय, असं कुणालाही वाटेल. तुम्ही मात्र प्रत्येक गोष्टीचं कारण सांगितलंत. पट्टी एका सेकंदात बाहेर काढायची, कारण प्रथिनांच्या चौकोनात रंगासोबत आम्लता टिकवणारं बफर असतं. पट्टी लघवीत रेंगाळली की ते धुऊन जातं आणि प्रथिनं नसली तरी चौकोन हिरवा पडतो. मग कड भांड्याच्या काठाला निथळायची, पट्टी आडवी धरायची आणि 60 सेकंदांनी वाचायची. पाच मिनिटांनी बघितलेला रंग डायरीत लिहायचा नाही. वाचायचं खिडकीशी, दिवसाउजेडी; पिवळ्या बल्बखाली ‘नील’ (प्रथिनं नाहीत) आणि ‘ट्रेस’ (अगदी किंचित) सारखेच दिसतात.

सगळ्यात मोलाचं म्हणजे पावसाळ्याचं बजावणं. मुंबईची दमट हवा पट्ट्यांची वैरीण. बाटली मोरीत नको, गॅसजवळ नको, फ्रिजमध्ये तर नकोच. आतली ओलावा शोषणारी पुडी काढायची नाही, एक पट्टी घेतली की झाकण लगेच घट्ट. कोरडा चौकोनच बाटलीवरच्या रंगतक्त्यातल्या ‘नील’शी जुळत नसेल, तर ती बाटली बाद, एक्स्पायरी कितीही लांब असो. पट्ट्या महाग आहेत, टाकताना जिवावर येतं. पण चुकीच्या ‘प्लस’पायी वाढलेलं प्रेडनिसोलोन, म्हणजे या आजारावरचं स्टिरॉइड, त्याहून महाग पडतं.

नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा, मधल्या धारेचा. भरपूर पाणी प्यायल्यावरची पातळ लघवी ‘वन प्लस’लाही ‘नील’ दाखवू शकते. ‘वन प्लस’ म्हणजे साधारण 30 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, ‘टू प्लस’ 100, ‘थ्री प्लस’ 300. तापात थोडी प्रथिनं तात्पुरती उतरतात, म्हणून एका दिवसाच्या ‘प्लस’ने घाबरायचं नाही. सलग तीन दिवस ‘थ्री प्लस’ किंवा जास्त म्हणजे रिलॅप्स, आजार उलटला. सलग तीन दिवस ‘नील’ किंवा ‘ट्रेस’ म्हणजे आजार आटोक्यात. शेजारचा ग्लुकोजचा चौकोनही स्टिरॉइड चालू असताना बघायचा, हेही तुम्हीच सुचवलंत.

डोळे किंवा पाय सुजले, लघवी कमी झाली, पोट दुखून ताप आला, तर तीन दिवस मोजत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. तुमचं हे वाक्य आता प्रत्येक डायरीच्या पहिल्या पानावर आहे.

आपले,
नेफ्रोटिकच्या मुलांचे पालक, मुंबई