सूचना : नवीन एलपार मागण्याआधी

सर्व सभासदांना नमस्कार,

आयबीएमच्या पॉवर सर्व्हरवर नवीन एलपारची (लॉजिकल पार्टिशन, म्हणजे एका सर्व्हरचे भाग करून बनवलेला स्वतंत्र सर्व्हर) मागणी टाकण्याआधी प्रोफाइलचे, म्हणजे त्याच्या साठवलेल्या सेटिंग्जचे, आकडे पक्के करून आणा. मेमरी आणि प्रोसेसर, दोन्हींसाठी मिनिमम, डिझायर्ड आणि मॅक्सिमम असे तिन्ही लागतात. बहुतेक जण डिझायर्डवर खल करतात आणि मॅक्सिममला ‘टाका काहीतरी मोठं’ म्हणून मोकळे होतात. तसं करू नका. पार्टिशनच्या पेज टेबलसाठी (मेमरीच्या पत्त्यांची नोंद ठेवणारा तक्ता) हायपरवायझर (सर्व्हरचे भाग सांभाळणारी प्रणाली) मेमरी राखून ठेवतो ती मॅक्सिममच्या हिशोबाने. ६४ जीबी वापरणाऱ्या एलपारला १ टीबी मॅक्सिमम दिला, तर पेज टेबलला मॅक्सिममचा १२८वा भाग (१:१२८) धरला तरी ८ जीबी नुसती अडकून पडते. उलट मॅक्सिमम फारच आखडता ठेवला, तर चालू एलपारमध्ये त्यापुढे मेमरी वाढवता येत नाही. मग एलपार पूर्ण बंद करून बदललेल्या प्रोफाइलने सुरू करावा लागतो. नुसता आतून रीबूट पुरत नाही.

एलपार अनकॅप्ड (ठरल्यापेक्षा जास्त मोकळा प्रोसेसर वापरू शकणारा) असेल तर वेटही, म्हणजे त्या मोकळ्या प्रोसेसरच्या वाटपातलं वजनही, कळवा. डीफॉल्ट १२८ आहे. सगळ्यांनीच २५५ मागितलं तर त्याला काय अर्थ?

व्हर्च्युअल फायबर चॅनेल अडॅप्टरला (एलपारला स्टोरेजशी जोडणारं आभासी कार्ड) दोन डब्ल्यूडब्ल्यूपीएन (स्टोरेज नेटवर्कवरचे पत्ते) मिळतात. झोनिंगसाठी (कोणी कोणत्या स्टोरेजला पोहोचायचं हे ठरवण्यासाठी) स्टोरेजवाल्यांना दोन्ही द्या. दुसरा एरवी झोपलेला दिसतो, पण लाइव्ह मायग्रेशनच्या (चालू एलपार दुसऱ्या सर्व्हरवर हलवण्याच्या) वेळी तोच लागतो. अडॅप्टर काढून पुन्हा बनवला की जोडी बदलते, तेव्हा परस्पर काढू नये. डिस्कचे मार्ग दोन्ही व्हीआयओएसमधून (एलपारना डिस्क आणि नेटवर्क पुरवणारे व्हर्च्युअल आय/ओ सर्व्हर) हवेत.

चालू एलपारमध्ये केलेले बदल एचएमसीवर (सर्व्हर सांभाळण्याचा कन्सोल) प्रोफाइलमध्येही सेव्ह करा.