दारू-गोळी एका दिवसात बंद करायला लावू नका, मेंदूला ते झेपत नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी अमळनेर तालुक्यातला एक मेडिकलवाला. तुमच्या पेपरात हल्ली सारखी बातमी असते, हायवेला नशेच्या गोळ्या पकडल्या, अमुक लाखांचा मुद्देमाल, फोटोत टेबलावर मांडलेली पाकिटं आणि मागे उभे पोलीस. बातमी बरोबरच असते, पण गोळी कोणती आणि ती खाल्ल्यावर डोक्यात काय होतं हे कधी येत नाही, मग वाचणारा म्हणतो पोरं वाया गेली, द्या एक कानाखाली आणि आजपासून बंद करा. मला या "आजपासून बंद" बद्दलच लिहायचंय. काही नशा अशा आहेत की त्या एकदम तोडल्या तर माणूस जिवाला मुकू शकतो, आणि आपल्याकडे हे शिकल्यासवरल्या घरातही माहीत नसतं.

धुळे-मालेगावकडे जिला कुत्ता गोळी म्हणतात ती बहुतेक वेळा अल्प्राझोलाम असते. औषध म्हणून ती वाईट नाही, छातीत धडधड, घाबरं होणं, पॅनिक यावर डॉक्टर देतात. मेंदूत गाबा नावाचं रसायन आहे, त्याचं काम पेशींना शांत करणं. गाबा त्याच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या त्याच्या ठरलेल्या जागेवर बसलं की पेशीचं दार उघडून क्लोराइड आत शिरतं आणि ती पेशी पुढे सिग्नल पाठवणं कमी करते. अल्प्राझोलाम त्याच रिसेप्टरवर बाजूच्या जागी बसते, मग ते दार जास्त वेळा उघडतं. दारूसुद्धा गाबाचा जोर वाढवते आणि वरून ग्लुटामेट नावाचं जे पेशींना चेतवणारं रसायन आहे त्याचे रिसेप्टर दाबते. म्हणून दोन्हींनी गार वाटतं, आणि दोन्ही एकत्र घेतली तर श्वाससुद्धा गार पडतो, हे पोरांना कोण सांगणार?

आता रोज घेतलं की मेंदू काय गप्प बसत नाही. तो गाबाचे रिसेप्टर मंद करतो, ग्लुटामेटचे वाढवतो, म्हणजे कन्नड घाट उतरताना ड्रायव्हरचा एक पाय सतत ब्रेकवर आणि गाडी थांबू नये म्हणून दुसऱ्या पायाने ॲक्सिलेटर दाबत नेलेला, आणि अशात ब्रेकवरचा पाय झटकन काढला तर काय होईल ते तुम्हीच बघा. एकदम दारू सोडलेल्याला पहिल्या एक-दोन दिवसांतच हात थरथरणं, घाम, फिट येणं हे होऊ शकतं, आणि दुसऱ्या-चौथ्या दिवसाच्या आसपास भ्रम, नसलेली माणसं दिसणं, अंगावर किडे चालल्यासारखं वाटणं. सगळ्यांना होत नाही, पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याला धोका मोठा.

श्रावण लागला, कानबाई बसणार म्हणून घरातला माणूस दारू सोडतो, किंवा चैत्रात वणीच्या गडाला पायी जायचं म्हणून सोडतो. श्रद्धेला माझा काहीच विरोध नाही, उलट त्या निमित्ताने सुटली तर चांगलंच आहे. पण तिसऱ्या दिवशी तो बडबडायला लागला की घरचे म्हणतात बाहेरचं लागलं, लिंबू उतरवा, भगताला बोलवा, आणि त्यात जी रात्र जाते ना तीच महागात पडते. दवाखान्यात अशा पेशंटला गोळी कोणती देतात माहितीये? अल्प्राझोलामच्याच भाऊबंदकीतली, डोस मोजून आणि रोज थोडा थोडा उतरवत, सोबत थायामिन म्हणजे जीवनसत्त्व बी-1. म्हातारी माणसं वर्षानुवर्षं झोपेची गोळी घेतात त्यांचंही तेच, एक दिवस चिडून पाकीट फेकून द्यायचं नाही, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची.

तंबाखूची गोष्ट जरा वेगळी, ती एकदम सोडली तर जीव जात नाही, फक्त घरच्यांचा जीव खाते. आपल्याकडे म्हणतात टेन्शन आलं की बार भरावा, डोकं शांत होतं. तंबाखूतलं निकोटिन मेंदूतल्या ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनाच्या रिसेप्टरवर बसतं, तिथून डोपामिन सुटतं, बरं वाटतं. पण रोज खाणाऱ्याच्या मेंदूत हे रिसेप्टर वाढून बसतात आणि निकोटिन दोन तासांत अर्धं उतरतं, मग जी चिडचिड होते ती बऱ्याचदा तंबाखू उतरल्याचीच असते आणि आपण म्हणतो बघा, खाल्ल्यावर टेन्शन गेलं. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पुडी कुठे मिळते ते मी लिहायची गरज नाही.

पण टेन्शन खोटं आहे असं मी म्हणत नाही. कापसाला बोंडअळी, भावाचा पत्ता नाही, रावेर-यावलकडे मे महिन्यात एक वादळ आलं की उभी केळी आडवी, वरून सोसायटीचं कर्ज. ताण आला की आधी ॲड्रिनलिन आणि मग काही मिनिटांनी कॉर्टिसॉल नावाचं ताणाचं हार्मोन वाढतं. हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात कॉर्टिसॉलचे रिसेप्टर भरपूर, तिथून "आता पुरे" असा निरोप जातो आणि ते खाली येतं. महिनोन् महिने ताण राहिला तर हा निरोप जाणंच ढिलं पडतं, आणि कपाळामागचा जो भाग सारासार विचार करतो, नको म्हणतो, त्याच्या पेशींच्या फांद्या आखडतात. (ताण गेला तर त्या परत फुटतात, निदान प्राण्यांवरच्या प्रयोगांत तरी तसं दिसलंय.) म्हणजे नाही म्हणायची ताकद कमी झालेली असते नेमकी त्याच वेळी समोर क्वार्टर येते. सहा महिने सोडलेला माणूस पावसाने डोळे वटारले की परत पितो, त्यात नुसतं मन कच्चं हे कारण मला अर्धवट वाटतं.

अफूच्या जातकुळीतली औषधं, कोडीनचं खोकल्याचं सिरप किंवा ट्रामाडोल, यांचंही बघा. अफूचा रिसेप्टर मेंदूत आहे हे 1973 मध्ये सापडलं आणि 1975 मध्ये कळलं की शरीर स्वतःच तसलं वेदनाशामक बनवतं, त्याच्यासाठी ती जागा आहे. बाहेरून रोज ओतलं की सवय वाढते, डोस वाढतो. पण काही आठवडे सोडलं की सवय उतरते आणि मग पोरगं जुन्याच डोसवर परत गेलं तर श्वास थांबू शकतो. व्यसनमुक्ती केंद्रातून परत आलेल्या पोराच्या घरच्यांना हे कोणीतरी सांगायला पाहिजे.

कायदा आहे, मी नाकारत नाही. अल्प्राझोलाम, ट्रामाडोल ही मार्च 2014 पासून शेड्यूल एच-वन मध्ये, म्हणजे औषध नियमांतल्या कडक यादीत, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, पेशंट आणि डॉक्टरचं नाव रजिस्टरला लिहायचं, रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं. तरी काउंटरवर रोज कोणीतरी असतंच, "भो, तात्यानी झोपनी गोळी दी दे, चिठ्ठी मंग आणसू". नाही म्हटलं की आम्ही माजलो, आणि तोच माणूस पुढच्या गल्लीत जातो. तिथे मिळते हेही खरंय, आमच्या धंद्यातल्या लोकांना हे वाचून राग आला तर येऊ द्या.

तर विनंती एवढीच, अशी बातमी छापताना खाली दोन ओळी टाका की दारू किंवा झोपेची गोळी रोज घेणाऱ्याची नशा घरी एकदम तोडू नका, सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागाला दाखवा, नाहीतर 14416 ला, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि सोडल्यावर दोन महिन्यांनी घरचे जे म्हणतात ना की सोडली तरी हा तोंड पाडून बसतो, जेवण गोड लागत नाही, कशात मन नाही, मग काय उपयोग, त्यांच्यासाठी एक. 2001 मध्ये अमेरिकेत मेथ म्हणजे मेथॲम्फेटामिन या अमली पदार्थाची नशा सोडलेल्यांचे मेंदूचे स्कॅन काढले होते, डोपामिनची व्यवस्था बरीचशी सावरलेली दिसली ती वर्षभराहून जास्त काळ नशेपासून लांब राहिल्यावर, आणि तरी काही चाचण्यांत माणसं पूर्ण पहिल्यासारखी नव्हती. दोन महिन्यांत निकाल लावू नका त्याचा.

आपला,
एक मेडिकलवाला
ता. अमळनेर, जि. जळगाव