लेसरचं पॅकेज घेण्याआधी हे वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पाळी गेलेल्या बायकांच्या योनीमार्गातल्या लेसर ट्रीटमेंटवर अर्धं पान आलंय. कोरडेपणा, आग, शिंकलं की लघवी सुटणं, सगळं म्हणे तीन सिटिंगमध्ये जातं, टाका नाही की दुखणं नाही, आणि खाली क्लिनिकचा नंबर. हा लेख होता की जाहिरात ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. वाचताना माझी धाकटी जाऊ आठवली म्हणून लिहायला बसले.

ती एक्कावन्नची. वर्षभर लघवीच्या जागी आग व्हायची पण सांगणार कोणाला, शेवटी माझ्याजवळ बोलली ते पण कुकरच्या शिट्ट्या चालू असताना, म्हणजे बाहेर सासूबाईंना ऐकू जायला नको. आम्ही दोघी एका क्लिनिकला गेलो. तिथे पाच मिनिटं बोलणं झालं, तपासलं नाही, लघवीची साधी टेस्टसुद्धा सांगितली नाही, आणि लगेच काउंटरवरच्या मुलीने लॅमिनेट केलेलं रेटकार्ड पुढे सरकवलं. तीन सिटिंगचे पंचेचाळीस हजार, आज बुक केलं तर चाळीस. सही करायचा फॉर्म अख्खा इंग्रजीत. जाऊ पर्स उघडायला लागली तसा मी तिचा हात धरला, म्हटलं उद्या येऊ गं. (साडीच्या दुकानातसुद्धा एवढी घाई करत नाहीत!)

माझी मुलगी फिजिओ आहे, तिने रात्री बसून शोधलं आणि मला समजेल असं सांगितलं. पाळी गेली की इस्ट्रोजन हे बायकांचं हार्मोन कमी होतं, आतलं अस्तर पातळ आणि कोरडं पडतं, त्यातूनच हा त्रास. लेसरवाले त्या अस्तराला ठिपक्याठिपक्यांनी मुद्दाम भाजतात, जखम भरताना नवं कोलॅजन (कातडीला बळकटी देणारं प्रथिन) येईल आणि अस्तर जाड होईल असा त्यांचा हिशोब. ऐकायला पटतो. पण सिडनीच्या डॉक्टरांनी हे नीट तपासून बघितलं, २०२१ साली जामा या मेडिकल जर्नलमध्ये ते छापून आलंय. अर्ध्या बायकांना खरं लेसर, अर्ध्यांना नुसतंच मशीन आत घालून लेसर दिल्याचं नाटक, आणि आपल्याला कुठलं मिळालं ते बायकांना सांगितलेलं नाही. वर्षभराने दोन्हीकडच्या बायकांना थोडं बरं वाटत होतं आणि धरण्यासारखा फरक काहीच नाही, उलट नाटकवाल्यांचा आकडा जरा चांगलाच. आतल्या अस्तराचे नमुने काढून बघितले तर तिथेही तेच. म्हणजे "आमच्या पेशंटना बरं वाटलं" हे क्लिनिकवाले खोटं बोलत नसतीलही, पण ते बरं वाटणं लेसरमुळेच हे कशावरून?

एक गोष्ट त्यांच्या बाजूचीही सांगते. अमेरिकेत लेसर आणि इस्ट्रोजन क्रीमची तुलना झाली होती, सहा महिन्यांनी दोन्हीकडे सारखाच फरक दिसला, आणि लेसरवाले तेच दाखवतात. पण त्यात नाटकाचा गट नव्हता आणि ती ट्रायल ठरल्यापेक्षा आधीच थांबली हे कोणी सांगत नाही.

बरं, नुसते पैसेच गेले असते तर एकवेळ सोडून दिलं असतं. औषधं आणि मशिन्सना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने २०१८ च्या जुलैमध्येच इशारा दिला होता, की या कामासाठी या मशिन्सना मान्यताच नाहीये आणि भाजणं, व्रण राहणं, संबंधाच्या वेळी दुखणं, कायमचं दुखणं मागे लागणं अशा तक्रारी आल्यात. मशिन्सना मान्यता आहे ती दुसऱ्या कामांसाठी, चामखीळ जाळणं वगैरे. कुठले उपचार वापरावेत ते सांगणाऱ्या इंग्लंडच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये सांगितलं की कोरडेपणासाठी काय आणि लघवी सुटण्यासाठी काय, लेसर फक्त संशोधनातच वापरावं. तुमच्या अर्ध्या पानात यातली एक ओळ नाही.

जाऊला मग आम्ही आमच्या जुन्या गायनॅक बाईंकडे नेलं. त्यांनी आधी लघवी तपासली, इन्फेक्शन निघालं, गोळ्या दिल्या. मग आत लावायचं कमी डोसचं इस्ट्रोजन क्रीम, आधी रोज, नंतर आठवड्यातून दोनदा, ते पण स्तनाचा कॅन्सर वगैरे काही झाला होता का हे नीट विचारून. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं तरी तडक यायचं असं बजावलं. शिंकताना लघवी सुटते त्याला माझ्या मुलीने पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवले, त्याला पैसे पडत नाहीत, चिकाटी मात्र लागते. क्रीमने फरक पडायला काही आठवडे गेले. केमिस्टने ट्यूब कागदात गुंडाळून दिली, जशी पूर्वी पॅडची पाकिटं द्यायचे.

ही ट्यूब काही शे रुपयांत मिळते, आणि त्या क्लिनिकमध्ये तिचं नावसुद्धा कोणी काढलं नव्हतं. तेव्हा विनंती एवढीच की असलं पान पुन्हा छापाल तर वर ठळक अक्षरांत "जाहिरात" असं लिहा.

आपली एक वाचक,
नाशिक