मिरजेच्या यार्डातून फिनलंडच्या आघाडीपर्यंत : एक अनावृत आभारपत्र

आदरणीय काका,
कृ. सा. न. वि. वि.

कथेच्या ऋणनिर्देशात तुमचे नाव घालू नये, असे तुम्ही बजावले होते. ती अट मी पाळली. परंतु आभारच मानू नयेत असे तुम्ही म्हणाला नव्हता, तेव्हा हे अनावृत पत्र लिहीत आहे आणि त्यातही तुमचे नाव कुठे येणार नाही.

कथेचा विषय तुम्हाला पाठ झाला असेल, पण पत्र इतरही वाचणार असल्यामुळे थोडक्यात सांगतो. ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत संघाने फिनलंडवर हल्ला केला, तेव्हा ब्रिटन आणि फ्रान्स जर्मनीशी लढत होते आणि सोव्हिएत संघ हा जर्मनीचा करारातला भागीदार होता. नॉर्वेतील नार्विक बंदरात सैन्य उतरवायचे, उत्तर स्वीडनमधून फिनलंडच्या मदतीला जायचे आणि वाटेत, जर्मनीच्या पोलादाला खनिज पुरवणाऱ्या गेलिवारेच्या लोहखाणी ताब्यात घ्यायच्या, असा दोस्तांचा बेत शिजला होता. मदतीपेक्षा खाणींवरच डोळा अधिक होता, हे उघड आहे. त्यासाठी फिनलंडने औपचारिक मागणी करायला हवी होती. तिची ५ मार्चची मुदत १२ मार्चपर्यंत वाढवूनही मागणी आली नाही, मॉस्कोत तह झाला आणि १३ मार्च १९४० रोजी तोफा थांबल्या. माझ्या कथेत ती मागणी येते आणि ब्रिटन व फ्रान्स एकाच वेळी जर्मनी आणि सोव्हिएत संघ या दोघांशी युद्धात उतरतात.

पहिल्या खर्ड्यात माझे ब्रिटिश सैनिक नार्विकला उतरून आठव्या दिवशी फिनलंड-सोव्हिएत सरहद्दीवरच्या कारेलियाच्या खंदकांत पोहोचले होते. तुम्ही समासात शिसपेन्सिलीने एवढेच लिहिले होते, ‘गाडी कुठे बदलली?’ मला प्रश्नच कळला नाही. मग तुम्ही मला घरी बोलावून मिरजेच्या यार्डातली तुमची नोकरी सांगितलीत : ब्रॉडगेजच्या वाघिणीतले पोते हमालाच्या पाठीवरून मीटरगेजच्या वाघिणीत जाईपर्यंत किती वेळ जातो, पावसात किती, हमाल कमी आले तर किती, आणि एका बाजूला माल तुंबला की मागच्या स्थानकांवर त्याचे काय होते. नंतर नकाशा उघडून तुमचे बोट स्वीडनच्या हापारांदा आणि फिनलंडच्या तोर्निओ या गावांवर थांबले. स्वीडनचे रूळ १,४३५ मिलिमीटरचे आणि फिनलंडचे, रशियन अमलात घातलेले म्हणून, १,५२४ मिलिमीटरचे. त्या ८९ मिलिमीटरपायी प्रत्येक तोफ, प्रत्येक पेटी आणि प्रत्येक जखमी माणूस सरहद्दीवर एका गाडीतून दुसऱ्या गाडीत हलवावा लागला असता, आणि तोही हाडे गोठवणाऱ्या थंडीत. माझ्या आठ दिवसांचे पाच आठवडे झाले, आणि कथेतले सगळ्यात चांगले प्रकरण तिथेच, त्या दोन गावांमधल्या बर्फात, मला मिळाले.

आघाड्या कशा बदलतात, यावर मात्र आपले बरेच भांडण झाले. ‘करार वाचू नकोस, मालगाड्या मोज,’ हा तुमचा आग्रह होता. ११ फेब्रुवारी १९४० च्या व्यापारी कराराने सोव्हिएत तेल आणि धान्य जर्मनीकडे व जर्मन यंत्रे आणि शस्त्रे उलट दिशेने जाणार होती. तेव्हा सोव्हिएत संघातल्या बाकूच्या तेलविहिरींवर बाँब टाकणे म्हणजे जर्मनीच्या टाकीलाच भोक पाडणे, असा दोस्तांचा हिशेब होता. हा बेत कल्पनेतला नाही. ३० मार्च १९४० रोजी इराकमधील हब्बानियाच्या तळावरून निघालेल्या ब्रिटिश विमानाने बाकूची छायाचित्रे खरोखरच काढली होती. त्या आधारे मी हिटलर आणि स्टालिन यांची कायमची युती बांधून टाकली. नंतर मीच शंका काढली की, २२ जून १९४१ च्या पहाटे जर्मन हल्ला झाला, त्याच्या काही तास आधीपर्यंत सोव्हिएत मालगाड्या सरहद्द ओलांडून जर्मनीकडे जात होत्या, मग गाड्या मोजून काय कळले? तुम्ही बराच वेळ गप्प राहिलात आणि म्हणालात, ‘माल देणारा दर वेळी मित्र नसतो, कधी कधी तो वेळ विकत घेत असतो.’ युतीचे ते प्रकरण मी त्याच रात्री फाडले.

गिरणगावाचा प्रश्नही तुमचाच. बाकूवर बाँब पडल्याची बातमी मुंबईत आली तर परळ-लालबागला काय होईल, असे तुम्ही विचारले होते. मार्च १९४० मध्ये, म्हणजे फिनलंडचे भवितव्य ठरत होते त्याच दिवसांत, मुंबईचे गिरणी कामगार महागाई भत्त्यासाठी संपावर होते, हे मी शाळेत शिकलो नव्हतो. कम्युनिस्ट त्या वेळी या युद्धाला साम्राज्यवादी युद्ध म्हणत होते. जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यावर काही महिन्यांनी तेच त्यांच्यासाठी लोकयुद्ध झाले आणि ऑगस्ट १९४२ च्या चळवळीपासून ते दूर राहिले. माझ्या कथेत ब्रिटन सोव्हिएत संघाचाही शत्रू असल्यामुळे तो बदल घडतच नाही आणि १९४२ मध्ये काँग्रेसवाले व कम्युनिस्ट एकाच तुरुंगात एकमेकांशी वाद घालत बसतात. प्रत्यक्षात ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटिशांच्या हिंदी पलटणी आणि सोव्हिएत फौजा दोन बाजूंनी इराणात शिरून दोस्त म्हणून भेटल्या. कथेत त्या त्याच डोंगरांत समोरासमोर खंदक खणून बसल्या आहेत.

शेवटी फिनलंड दोस्तांचा जन्मभराचा ऋणी राहतो, हा माझा भाबडा शेवट तुम्ही एका तारखेने मोडून काढलात. ६ डिसेंबर १९४१ रोजी, फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनीच, ब्रिटनने त्या देशाशी युद्ध पुकारले, कारण तोवर फिनलंड जर्मनीच्या बाजूने सोव्हिएत संघाशी लढत होता; आणि सप्टेंबर १९४४ मध्ये सोव्हिएत संघाशी शस्त्रसंधी झाल्यावर त्याच फिनलंडला आपल्या उत्तरेकडच्या लॅपलँडमधून जर्मनांना हुसकावण्यासाठी लढावे लागले. माझी कल्पना इतक्या वेळा कूस बदलायला धजावली नव्हती.

तुमचा एक आक्षेप मात्र मी मानला नाही. नार्विककडून येणारा खनिजमार्ग विजेवर चालणारा होता, स्वीडनने वीज तोडली तर गाडी जागच्या जागी उभी राहील, असे तुम्ही म्हणाला होता. त्यावर मी वाफेची इंजिने आणली आणि ती आली कुठून हे लिहिलेच नाही. छापील प्रतीत पान ६१ वर तुमची पेन्सिल थांबणार, हे मला ठाऊक आहे. प्रत सोबत पाठवत आहे. इंजिनांचा हिशेब तुम्ही मांडून ठेवलात, तर पुढच्या रविवारी वही घेऊन येतो.

काकूंना नमस्कार. कळावे, लोभ असावा.

आपला ऋणी,
ती कथा लिहिणारा